‘डार्क’ मराठीत आणताना आधी विचारा: अंधारलंय काय?

‘डार्क’ हा इंग्रजी शब्द पाचवीतल्या पोरालाही येतो, आणि तेवढ्यासाठीच तो भाषांतरात फसवतो. अवघड शब्द आला की माणूस शब्दकोश उघडतो. सोपा आला की पहिला सुचलेला अर्थ चिकटवून पुढं जातो. मग ‘डार्क ब्लू’चं ‘काळा निळा’ होतं, ‘डार्क हॉर्स’चा ‘काळा घोडा’ होतो, आणि लातूरचा वाचक मुंबईच्या काळा घोड्याजवळ जाऊन पोचतो.

उपाय सोपा आहे. ‘डार्क’चा अर्थ शोधू नका, त्याच्या शेजारचं नाम बघा. जागा अंधारली आहे, आभाळ अंधारलं आहे, रंग गडद आहे, माणूस सावळा आहे, माहिती मिळत नाही, हेतू वाईट आहे, की वस्तू कुठल्याच प्रकाशात दिसत नाही? इंग्रजी या सगळ्याला एकाच शब्दावर भागवते. मराठीनं प्रत्येकाला वेगळा शब्द ठेवला आहे, आणि तो तुम्हाला आधीच माहीत आहे. पुढची मांडणी मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी, बातम्या उतरवणाऱ्यांसाठी आणि सबटायटल लिहिणाऱ्यांसाठी आहे.

आधी थोडं व्याकरण

‘डार्क’ विशेषणही आहे आणि नामही. क्रियापद मात्र नाही. ‘टू डार्क’ असं आजच्या इंग्रजीत कुणी लिहीत नाही, क्रियापद ‘डार्कन’. ‘द स्काय डार्कन्ड’ म्हणजे आभाळ झाकोळलं.

नाम म्हणून वापरताना ‘द’ कुठं लावायचा, यावर बहुतेकांचे गुण जातात. ‘आफ्टर डार्क’ आणि ‘बिफोर डार्क’मध्ये ‘द’ नाही. ‘इन द डार्क’ आणि ‘अफ्रेड ऑफ द डार्क’मध्ये आहे. लक्षात ठेवायची खूण अशी: पहिल्या जोडीत ‘डार्क’ ही वेळ आहे, जशी ‘ॲट नाइट’मधली रात्र, दुसऱ्या जोडीत ती माणसाला वेढणारी स्थिती आहे. ‘आफ्टर डार्क’ला मराठीत ‘अंधारानंतर’ म्हणू नका. आपल्याकडं त्यासाठी ‘अंधार पडल्यावर’ किंवा ‘दिवेलागणीनंतर’ आहे.

‘अंधार पडतोय’ याचं इंग्रजी ‘डार्क इज फॉलिंग’ नव्हे. ‘डार्कनेस इज फॉलिंग’ चालतं, पण ते पुस्तकी वाटतं. बोलताना ‘इट्स गेटिंग डार्क’. हा ‘इट’ रिकामा आहे, तो कशाचंच नाव नाही. मराठीत त्याला जोडीदार नसल्यामुळं आपण तो विसरतो. ‘अंधार पडायच्या आत घरी ये’ म्हणजे ‘कम होम बिफोर इट गेट्स डार्क’. इथं ‘विल गेट’ टाकलं की चूक, कारण ‘बिफोर’नंतर इंग्रजी भविष्यकाळ घेत नाही.

अंधार पडला की अंधारून आलं?

मराठी इथं इंग्रजीपेक्षा बारकाईनं बोलते. रात्र होते तेव्हा अंधार *पडतो*. मृगाचं आभाळ दुपारी तीनला खाली उतरतं तेव्हा *अंधारून येतं*, *भरून येतं*, किंवा नुसतंच *आभाळ येतं*. इंग्रजीत दोन्ही वेळा ‘इट्स गेटिंग डार्क’ म्हटलं तरी चालतं. म्हणून इंग्रजीतून मराठीत येताना आधी घड्याळ बघा. परिच्छेदात वेळ दिलेली नसेल तर ढग, वारा, वीज असा शब्द आसपास आहे का ते शोधा. मराठीतून इंग्रजीत जाताना ढगांचा अंधार असेल तर ‘इट्स क्लाउडिंग ओव्हर’ किंवा ‘द स्काय हॅज गॉन डार्क’ लिहा, म्हणजे वाचकाला संध्याकाळ झाल्यासारखं वाटणार नाही.

अंधाराच्या मात्रेसाठी इंग्रजी ‘पिच डार्क’वर थांबते, इथलं ‘पिच’ म्हणजे डांबर. मराठीत किर्र अंधार असतो, मिट्ट काळोख असतो, अंधारगुडूप असतं. ते एकमेकांच्या जागी मात्र बसत नाहीत. ‘किर्र’मध्ये रातकिड्यांचा आवाज आहे, तो शिवारातला, झाडीतला अंधार. बंद खोलीत लाईट गेली तर ‘किर्र’ म्हणवत नाही, तिथं ‘अंधारगुडूप’. ‘मिट्ट’ दोन्हीकडं चालतं.

लाईट गेली याचं इंग्रजी ‘द लाइट वेंट’ नाही. ‘द पॉवर हॅज गॉन’ किंवा ‘देअर्स अ पॉवर कट’ म्हणा. ‘लोडशेडिंग’ भारतात, पाकिस्तानात, दक्षिण आफ्रिकेत लगेच कळतं. लंडनच्या वाचकाला एकदा उलगडून सांगावं लागेल. रात्रीच्या लायटीवर शेतकरी पाणी द्यायला जातो, त्यातली ‘रात्रीची लाईट’ तर अजिबात ‘नाइट लाइट’ होऊ देऊ नका. तो लहान मुलांच्या खोलीतला मंद दिवा झाला. ‘फार्म पम्प्स गेट पॉवर ओन्ली ॲट नाइट, सो फार्मर्स इरिगेट इन द डार्क’ असं सरळ लिहावं.

पहाटेचा घोटाळा जास्त गंभीर आहे. मराठी पहाट अंधारातच सुरू होते; इंग्रजी ‘डॉन’मध्ये उजेड फुटू लागलेला असतो. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झाला. हे ‘ॲट डॉन’ लिहिलं तर इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांपुढं फटफटलेलं येतं, आणि माणसं झोपेत का सापडली हेच त्याला कळत नाही. ‘बिफोर डॉन’, ‘इन द डार्क अवर्स ऑफ द मॉर्निंग’ किंवा नुसतं ‘इन द अर्ली अवर्स’ बरोबर. उलट दिशेनं, इंग्रजी बातमीत ‘ॲट डॉन’ असेल तर ‘पहाटे’ऐवजी ‘उजाडताना’ लिहिणं जास्त अचूक.

अवस आणि अंधारा पक्ष

इंग्रजीत ‘न्यू मून’ म्हणजे अमावास्या. नवा चंद्र म्हटल्यावर बीजेची कोर आठवते, म्हणून विद्यार्थी इथं हमखास एक-दोन दिवस चुकतात. ‘डार्क मून’ असा शब्द आला तर तीही अवसच. लातूर-धाराशिवकडची वेळ अमावास्या, म्हणजे आपली येळवस, इंग्रजीत सांगायची तर ‘न्यू मून डे’ म्हणा आणि पुढं लगेच सांगा की हा शेतात जाऊन आंबील-भज्जी खाण्याचा सण आहे. नुसतं ‘डार्क मून फेस्टिव्हल’ लिहिलं तर परका वाचक भुताखेताची गोष्ट समजून वाचायला बसेल.

‘डार्क फोर्टनाइट’ किंवा ‘डार्क हाफ’ म्हणजे वद्य पक्ष, कृष्ण पक्ष. इथं एक खाचखळगा आहे आणि तो शब्दकोशात सापडत नाही. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतात पौर्णिमेला. त्यामुळं शुद्ध पक्षाचं नाव दोन्हीकडं सारखं, पण वद्य पक्षाचं नाव एका महिन्यानं सरकतं. उत्तरेतल्या लेखकानं ‘डार्क हाफ ऑफ फाल्गुन’ लिहिलं, तर ते आपलं माघ वद्य. परळी, औंढा नागनाथ आणि घृष्णेश्वर ही तीन ज्योतिर्लिंगं मराठवाड्यातच असल्यामुळं महाशिवरात्रीचा मजकूर इथं वरचेवर उतरवावा लागतो: आपल्याकडं माघ वद्य चतुर्दशी, हिंदी पत्रिकेत फाल्गुन कृष्ण चतुर्दशी, दिवस एकच. लक्ष्मीपूजनाची अमावास्याही तशीच, आपली आश्विनातली, त्यांची कार्तिकातली. महिना उतरवताना मूळ लेखक कुठला आहे ते पाहिल्याशिवाय हात लावू नका.

रंग: दुकानदाराला विचारा

कापडाच्या दुकानात सगळेच ‘डार्कमधे दाखवा’ म्हणतात. संवाद लिहिताना ते तसंच ठेवा. तिथं ‘गडद छटेत दाखवा’ लिहिणं म्हणजे गिऱ्हाइकाला व्याख्यान द्यायला लावणं. निवेदनात मात्र ‘गडद’. हिरव्याला ‘गर्द’ही चालतं, कारण त्यात झाडीचा दाटपणा आहे. विरुद्ध बाजूला ‘लाइट’ म्हणजे ‘फिका’ किंवा ‘फिकट’. ‘हलका’ म्हटलं तर रंगाबरोबर कापडाचं वजनही कमी झाल्यासारखं वाटतं.

नेहमीची चूक जोडशब्दांत होते. लालभडक, पिवळाधमक, निळाशार, हिरवागार हे ‘डार्क’ नाहीत. लालभडक तर उलट ‘ब्राइट रेड’ आहे. ‘डार्क रेड’ला ‘गडद लाल’ म्हणा, किंवा छटा जुळत असेल तर ‘डाळिंबी’. पैठणीच्या वर्णनात ‘डार्क पर्पल’ आलं की ‘गडद जांभळा’ बरोबरच, पण ‘वांगी रंग’ म्हटलं की पैठणपासून परभणीपर्यंत कुणालाही साडी दिसते.

काळ्याचेही प्रकार सांभाळा. केस आणि डोळे काळेभोर, पाणी काळंशार, घासलेली शिसवी मूर्ती काळी कुळकुळीत. काळाकुट्ट हा शब्द नावडीचा आहे. रात्र, ढग, भूतकाळ यांना लागतो. प्रेमाच्या दृश्यात नायिकेचे ‘डार्क आइज’ काळेकुट्ट झाले की दृश्य तिथंच संपलं.

खाण्यापिण्यात ‘डार्क’ म्हणजे बहुधा जास्त भाजलेलं, जास्त आटलेलं किंवा कोको जास्त असलेलं. ‘डार्क रोस्ट’ला जास्त भाजलेली कॉफी म्हणा. ‘डार्क जॅगरी’ म्हणजे काळपट गूळ. डार्क चॉकलेट मात्र डार्क चॉकलेटच राहू द्या. आणि ‘कडक चहा’ला ‘डार्क टी’ म्हणू नका. तो ‘स्ट्राँग टी’. ‘डार्क टी’ नावाचा चहा खरंच असतो, पण तो चीनमधला आंबवून मुरवलेला प्रकार आहे. टपरीवरच्या कटिंगशी त्याचं नातं नाही.

एकाच वाक्यात तीन ‘डार्क’ आले तर काय करायचं, याचा नमुना अजिंठ्याचा घेऊ. समजा इंग्रजी मजकुरात असं आहे: गाइड ‘डार्क केव्ह’मध्ये दिवा उंचावतो, भिंतीवर ‘डार्क बॅकग्राउंड’ दिसते आणि तिच्यातून ‘डार्क प्रिन्सेस’ पुढं येते. लेणं *अंधारं*, पार्श्वभूमी *गडद*, राजकन्या *सावळी*. तिन्हीला ‘काळी’ लावलं तर चित्रच पुसलं जातं. (1 क्रमांकाच्या लेण्यातल्या चित्राला इंग्रजी पुस्तकं ‘ब्लॅक प्रिन्सेस’ही म्हणतात, तिथंही ‘सावळी’ शोभतं.)

माणसाला ‘डार्क’ म्हटलं तर

भारतीय इंग्रजीत ‘ही इज डार्क’ म्हणजे त्वचेचा रंग. ब्रिटिश वाङ्मयात, विशेषतः जुन्या, ‘अ डार्क मॅन’ म्हणजे काळ्या केसांचा माणूस. चेहऱ्यानं तो गोरापान असू शकतो. ‘टॉल, डार्क अँड हँडसम’मधला ‘डार्क’ मुख्यतः केसांचा आणि डोळ्यांचा आहे. मूळ मजकूर इंग्लंडमधला असेल तर आधी केसांचा उल्लेख शोधा, मग ‘सावळा’ लिहा.

त्वचेबद्दलच असेल तर ‘सावळा’ हा मायेचा शब्द आहे, कारण विठोबाच सावळा आहे. ‘काळासावळा’ थोडा पुढं, ‘गव्हाळ’ अलीकडं. ‘काळा’ हा शब्द माणसाला लावताना मूळ लेखकाला हिणवायचं आहे का ते बघा. नसेल तर टाळा. ‘डार्क कॉन्टिनेंट’ हे आफ्रिकेचं एकोणिसाव्या शतकातलं युरोपी नाव आहे. त्यात ‘डार्क’ म्हणजे ‘आम्हाला माहीत नसलेला’, आणि ते आज अपमानकारक मानतात. अवतरण नसेल तर सरळ ‘आफ्रिका’ लिहा.

आरोग्याच्या पत्रकात ‘डार्क सर्कल्स’ म्हणजे डोळ्यांखालची काळी वर्तुळं. गालावरचे ‘डार्क पॅचेस’ म्हणजे काळपट डाग. ते वांग असतील तर घरात तोच शब्द आहे. ‘डार्क युरिन’ला ‘काळी लघवी’ लिहू नका, रुग्ण घाबरेल. कमी पाणी प्यायल्यावर होते ती ‘गडद पिवळी’. उलट बाजूनं ‘डोळ्यांपुढं अंधारी आली’ याचं इंग्रजी ‘एव्हरीथिंग वेंट डार्क’ किंवा ‘वेंट ब्लॅक’. ‘डार्कनेस केम इन फ्रंट ऑफ माय आइज’ लिहिलं तर डॉक्टर थांबून विचार करेल.

कळत नाही, कळू दिलं नाही

इथं दोन्ही भाषा नशिबानं जवळ आहेत. ‘कीप समवन इन द डार्क’ म्हणजे अंधारात ठेवणं, अगदी शब्दाला शब्द. पण ‘आय ॲम इन द डार्क’ म्हणजे ‘मी अंधारात आहे’ नव्हे. मराठीत ते खोलीबद्दलचं वाक्य होतं. ‘मला काहीच पत्ता नाही’ म्हणा. ‘कीप इट डार्क’ म्हणजे कुणाला सांगू नको, वाच्यता करू नको.

‘शॉट इन द डार्क’ म्हणजे अंधारात मारलेला तीर, निव्वळ अंदाज. ‘लीप इन द डार्क’ वेगळा: त्यात अंदाज नाही, जोखीम आहे. पाण्याचा अंदाज न घेता उडी मारणं. ‘व्हिसलिंग इन द डार्क’ म्हणजे भीती वाटत असताना उसनं अवसान आणणं. शीळ घालणं इथं आणायची गरज नाही.

‘डार्क हॉर्स’ घोड्यांच्या शर्यतीतून आला. ज्याचा वेग पैज लावणाऱ्यांना ठाऊक नाही तो ‘डार्क’. तो पांढरा असला तरी. अमेरिकेत 1844 साली जेम्स पोक हे कुणाच्या ध्यानीमनी नसताना डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले आणि निवडूनही आले. पहिला ‘डार्क हॉर्स’ अध्यक्ष म्हणून त्यांचंच नाव घेतात. मराठीत ‘छुपा रुस्तम’ नेमका बसतो. मात्र ग्रामपंचायतीच्या निकालात तो जपून वापरा: ‘छुपा रुस्तम’मध्ये कर्तब लपवल्याचा सूर आहे. ज्याच्याकडं फक्त कुणी पाहिलं नव्हतं, त्याला ‘अनपेक्षित उमेदवार’ पुरे.

हेतू, मन:स्थिती, काळ

‘डार्क ह्यूमर’ला ‘काळा विनोद’ रुळत चालला आहे, पण एखाद्या विनोदाचं वर्णन करताना ‘मरणाची थट्टा’ असं उलगडलेलं बरं. ‘डार्क थॉट्स’ म्हणजे मनात येणारे वाईटसाईट विचार. ‘डार्क डेज’ म्हणजे वाईट दिवस, पडता काळ. नाट्यगृह ‘डार्क’ आहे म्हणजे तिथं आज प्रयोग नाही. रंगमंचावर अंधार करतात त्याला इंग्रजीत ‘ब्लॅकआउट’ म्हणतात. फोनवरचा माणूस ‘वेंट डार्क’ म्हणजे त्यानं संपर्क तोडला.

‘डार्क एजेस’ला ‘अंधारयुग’ किंवा ‘तमोयुग’ म्हणतात, आणि चूक शब्दात नसून पुढच्या वाक्यात होते. ही कल्पना चौदाव्या शतकात इटलीतल्या पेत्रार्क या कवीपासून चालत आली. ती पश्चिम युरोपपुरती, रोमन साम्राज्य कोसळल्यानंतरच्या काही शतकांपुरती आहे, आणि तिथले इतिहासकारही आता हे नाव टाळतात. ‘जगात तमोयुग होतं तेव्हा’ असं लिहू नका. त्याच काळात, आठव्या शतकात, वेरूळला राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात डोंगर वरून खाली कोरत कैलास लेणं घडत होतं. ‘युरोपातलं तमोयुग’ एवढं लिहिलं की काम झालं.

विज्ञान आणि मोबाइल

‘डार्क मॅटर’ काळं नाही. काळी वस्तू प्रकाश शोषते. हे द्रव्य प्रकाश शोषतही नाही, फेकतही नाही, आरपार जाऊ देतं. खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी 1933 मध्ये दीर्घिकांचा (म्हणजे ‘गॅलक्सीं’चा) एक समूह मोजताना दिसणारं वस्तुमान पुरत नाही हे दाखवलं आणि या न दिसणाऱ्या द्रव्याला जर्मनमध्ये हेच नाव वापरलं. विश्वाच्या एकूण हिशेबात ते सुमारे 27 टक्के, कृष्ण ऊर्जा (‘डार्क एनर्जी’) सुमारे 68 टक्के, आणि आपण बघतो ते सगळं जेमतेम 5 टक्के. मराठीत ‘कृष्णद्रव्य’ हा शब्द रुळलेला आहे, तोच वापरा. फक्त परतीच्या वाटेवर जपा: ‘कृष्णविवर’ हे ‘ब्लॅक होल’ आणि ‘कृष्णद्रव्य’ हे ‘डार्क मॅटर’. मराठीनं दोघांना एकच विशेषण दिल्यामुळं ‘ब्लॅक मॅटर’ अशी चूक होते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. ती वेधशाळा गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी आहे, कृष्णविवरांच्या टकरीतून निघतात तशा. तिच्या बातमीत ‘कृष्णद्रव्याचा शोध’ घुसडू नका.

‘डार्क वेब’ तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथं ‘खास सॉफ्टवेअरशिवाय न उघडणारा इंटरनेटचा भाग’ असं जोडा. ‘डीप वेब’ वेगळा: तुमचं ईमेल, बँकेचं खातं, म्हणजे सर्च इंजिनला न सापडणारं सगळं त्यात येतं, आणि त्यात गैर काही नाही. ‘डार्क स्टोअर’ म्हणजे गिऱ्हाइकाला आत न घेणारं, फक्त ऑनलाइन मागणी भरणारं गोदाम. ‘डार्क मोड’ म्हणजे गडद पडदा. ‘अंधारा मोड’ नव्हे. त्यानं बॅटरी वाचते ती ओलेड पडद्यावर, कारण काळ्या जागेचे ठिपके तिथं बंदच असतात. एलसीडीत मागचा दिवा चालूच राहतो, त्यामुळं तिथं फारसा फरक पडत नाही.

‘डार्क पॅटर्न’ म्हणजे वेबसाइट किंवा ॲपवर गिऱ्हाइकाला फसवण्यासाठी केलेली मांडणी. हा शब्द 2010 मध्ये हॅरी ब्रिग्नल यांनी काढला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर 2023 मध्ये अशा 13 प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली: खोटी घाई लावणं, न विचारता टोपलीत वस्तू टाकणं, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणं वगैरे. ‘काळा नमुना’ वाचून कुणाला काही कळणार नाही. ‘फसवी मांडणी’ लिहा.

परत जाताना: प्रत्येक काळं ‘डार्क’ नसतं

काळा पैसा, काळा बाजार, काळी यादी, काळा दिवस: चारही ठिकाणी ‘ब्लॅक’. आपली काळी जमीनही ‘ब्लॅक सॉइल’ किंवा ‘ब्लॅक कॉटन सॉइल’. ‘डार्क सॉइल’ म्हटलं तर ते नुसतं रंगाचं वर्णन होतं, कापसाची जमीन हाताला लागत नाही. भूतकाळ मात्र ‘डार्क पास्ट’. ‘अंधेर नगरी’त अंधार नाहीच, अंदाधुंदी आहे, तिथं ‘लॉलेस’कडं वळा. ‘दिव्याखाली अंधार’ला इंग्रजीत तयार म्हण शोधत बसू नका: ‘इट इज डार्केस्ट अंडर द लॅम्प’ लिहून पुढच्या वाक्यात कुणाच्या घरचं काय झालं ते सांगितलं की अर्थ पोचतो.

उच्चाराचं एक राहिलं. ध्वनिशास्त्राच्या पुस्तकात ‘डार्क एल’ भेटतो. ‘मिल्क’, ‘फुल’ यांतला ‘ल’ म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळूकडं उचलला जातो, तो हा. मराठीतला ‘ल’ सगळीकडं ‘क्लिअर’ असतो, म्हणून आपला ‘मिल्क’ वेगळा ऐकू येतो. तो जमत नाही म्हणून काहीजण ‘ळ’ लावतात. ‘ळ’साठी जिभेचं टोक मागं वळतं, इथं टोक दातांमागेच राहतं. ‘फुल’ म्हणताना शेवटी ओठ न हलवता ‘उ’ची तयारी करा; ‘ल’ आपोआप डार्क होतो.